संघर्ष व संघर्षनिराकरण

संघर्ष व संघर्षनिराकरण : (आंतरविद्याशाखीय अध्ययन). दोन किंवा अधिक व्यक्ती, समूह वा राष्ट्रे यांची उद्दिष्टे परस्परविरोधी आहेत अशी त्यांची धारणा होऊन ते एकमेकांच्या मार्गात जाणीवपूर्वक अडथळा आणू लागतात, तेव्हा त्या स्थितीस संघर्ष म्हणतात. स्पर्धा व संघर्ष यांत भेद आहे. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याची दखल न घेताही स्वतःचे उद्दिष्ट साधता येते. संघर्षात प्रतिपक्षाला रोखणे हे उद्दिष्टाचाच एक भाग बनते. संघर्ष आणि हिंसा याही एक नव्हेत. संप, बहिष्कार, न्यायालयीन दावा, निवडणूक, सत्याग्रह ही सर्व संघर्षाचीच, परंतु अहिंसक रूपे होत. संघर्षनिराकरण म्हणजे संघर्षाच्या मूळ कारणांचा उलगडा करून उभय पक्षांना मान्य होईल व टिकेल अशी व्यवस्था निर्माण करणे. भांडण मिटविणे, दडपणे व निवारणे या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे या विषयाच्या अभ्यासाचे प्रारंभसूत्र मानले जाते.

हा विषय कोणत्याही एका शास्त्राच्या कक्षेत पूर्णपणे सामावत नाही. गिरणीतील संपाचे वेतनविषयक अंग अर्थशास्त्राकडे जाते, संघटनेचे समाजशास्त्राकडे, कायद्याचे विधिशास्त्राकडे, तर मालक व कामगार यांच्या मनांतील परस्परांविषयीच्या प्रतिमा हे मानसशास्त्राचे क्षेत्र ठरते. म्हणूनच महाविद्यालयीन व विद्यापीठीय स्तरांवर संघर्षाचा अभ्यास अनेक विद्याशाखांच्या साहाय्याने करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

विषयाचा उदय व विकास : संघर्षाविषयीचे चिंतन प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील साम, दान, भेद व दंड हे उपाय आणि महाभारताच्या उद्योगपर्वातील शिष्टाईचे प्रयत्न ही त्याची परिचित भारतीय उदाहरणे होत. आधुनिक काळात कार्ल मार्क्स (१८१८–८३) याने वर्गसंघर्ष हा इतिहासाचा चालक मानला. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ख झिमेल (१८५८–१९१८) याने संघर्ष हाही सामाजिक संबंधांचाच एक प्रकार असून तो समूहांना बांधूनही ठेवतो, असे प्रतिपादन केले. हाच विचार लुइस कोझर (१९१३–२००३) याने १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्ताराने मांडला.

दोन महायुद्धांमुळे या अभ्यासास निकड प्राप्त झाली. ल्यूइस रिचर्डसन (१८८१–१९५३) या ब्रिटिश शास्त्रज्ञाने युद्धांची गणिती मीमांसा केली, तर क्विन्सी राइट (१८९०–१९७०) याचा युद्धविषयक बृहद्ग्रंथ १९४२ मध्ये प्रकाशित झाला. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील मँचेस्टर महाविद्यालयात १९४८ मध्ये शांतताविषयक पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठात केनेथ बोल्डिंग (१९१०–९३) या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह संघर्षनिराकरणास वाहिलेले नियतकालिक काढले. नॉर्वेचा योहान गाल्तुंग (१९३०–२०२४) याने १९५९ मध्ये ऑस्लो येथे शांतता-संशोधन संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाने १९७३ मध्ये या विषयाचे अध्यासन निर्माण केले व त्यावर ॲडम कर्ल (१९१६–२००६) याची नेमणूक झाली. भारतात बनारस हिंदू विद्यापीठातील मालवीय शांतता संशोधन केंद्र (१९९८) व जामिया मिल्लिया इस्लामियातील नेल्सन मंडेला केंद्र (२००४) यांचा या संदर्भात उल्लेख करता येईल. महाराष्ट्रात मात्र हा अभ्यास राज्यशास्त्र, संरक्षणशास्त्र, समाजकार्य, विधी व गांधीविचार अशा विभागांत विखुरलेला राहिला.

विविध शास्त्रांचे दृष्टिकोन : समाजशास्त्र संघर्षाची मुळे समाजरचनेत शोधते. राल्फ डारेनडोर्फ (१९२९–२००९) याच्या मते संघर्ष नाहीसा करता येत नाही. त्याला नियमबद्ध मार्ग उपलब्ध करून देता येतो. त्यासाठी प्रतिपक्षाच्या अस्तित्वास मान्यता, दोन्ही बाजूंच्या प्रातिनिधिक संघटना आणि उभयमान्य नियम या तीन गोष्टी आवश्यक असतात. गाल्तुंगने १९६९ मध्ये ‘संरचनात्मक हिंसा’ ही संकल्पना मांडली. कोणी कोणावर शस्त्र उगारलेले नसतानाही समाजव्यवस्थेमुळेच एखाद्या समूहाच्या वाट्याला उपासमार, अज्ञान वा अप्रतिष्ठा येत असेल, तर तीही हिंसाच होय. सोलापूर येथील तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’ हे याचे ठळक उदाहरण आहे. १८७१ पासून केलेल्या गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्यांखाली विशिष्ट जमातींत जन्म झाला एवढ्याच कारणावरून माणसांना तेथे हजेरीच्या बंधनात ठेवण्यात येई. तेथील रहिवाशांची गणना ‘शांत’ वस्तीत होत असली, तरी ती शांतता कुंपणाची होती. हा कायदा देशभर १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु त्यामुळे बसलेला कलंक पुढील पिढ्यांनाही भोगावा लागला.

मानसशास्त्र व्यक्तीची धारणा, भय, पूर्वग्रह व समूहनिष्ठा यांचा विचार करते. मुझफर शेरिफ (१९०६–८८) याने १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात शिबिरातील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांचे दोन गट करून त्यांत चढाओढ लावताच थोड्याच दिवसांत शत्रुत्व निर्माण झाले. नुसत्या एकत्र जेवणाने वा करमणुकीने ते कमी झाले नाही. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला व तो सुरू करण्यासाठी सर्वांना एकत्र राबावे लागले, अशा प्रसंगांनंतरच ते निवळू लागले. केवळ भेटीगाठींनी नव्हे, तर समान गरजेपोटी केलेल्या सहकार्याने वैर कमी होते, असा निष्कर्ष यावरून काढण्यात आला.

अर्थशास्त्र व गणित यांनी खेळ सिद्धांताच्या द्वारे संघर्षाचे तर्कशुद्ध विश्लेषण केले. प्रत्येकाने केवळ स्वहित पाहिल्यास सर्वांचेच नुकसान होते, अशी परिस्थिती वारंवार उद्भवते. भूजल हे त्याचे आपल्याकडील उदाहरण. शेजाऱ्याने विंधणविहीर अधिक खोल नेली म्हणून आपणही न्यावी, हा प्रत्येकाच्या दृष्टीने योग्य वाटणारा निर्णय अखेर साऱ्या शिवाराच्या विहिरी कोरड्या पाडतो. टॉमस शेलिंग (१९२१–२०१६) याने संघर्षातही उभयपक्षांचे काही हित समान असते व सौदा त्यावरच उभा राहतो, हे दाखविले. एलिनॉर ऑस्ट्रम (१९३३–२०१२) या विदुषीने पाणी, कुरणे, मासेमारी यांसारख्या सामायिक साधनांचे व्यवस्थापन स्थानिक लोक स्वतः केलेल्या नियमांनी दीर्घकाळ करू शकतात, हे अनेक देशांतील उदाहरणांनी सिद्ध केले. या कार्याबद्दल तिला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

विधिशास्त्र हक्क व कर्तव्ये निश्चित करते. तथापि कायद्याचा निर्णय व समाजाचा स्वीकार यांत अंतर असू शकते. महाड येथील चवदार तळ्याचा संघर्ष या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. पण तो कागदावरच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठराव, प्रत्यक्ष कृती, प्रतिक्रिया व न्यायनिर्णय या चारही अवस्था एकाच संघर्षात दिसतात. येथे वाद पाण्याच्या वाटपाचा नव्हता, माणूस म्हणून मान्यता मिळण्याचा होता. प्रतिष्ठेच्या प्रश्नावर ‘अर्धे तुम्ही घ्या, अर्धे आम्हाला द्या’ अशी तडजोड संभवत नाही, हा धडा या उदाहरणावरून मिळतो.

महाराष्ट्रातील परंपरा : मराठेशाहीत वतन, शेत, सीमा, मानपान इत्यादींविषयींचे तंटे गोतसभेपुढे चालत. तीत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व आसपासच्या गावचे जाणते लोक बसत. प्रारंभी वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याबद्दल ‘राजीनामा’ व जामीन देत. साक्षी-पुरावा झाल्यावर निर्णयाचा ‘महजर’ लिहिला जाई व त्यावर उपस्थितांच्या सह्या वा व्यवसायदर्शक निशाण्या होत, उदा., कुणब्याचा नांगर. हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई. जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरी, तर हरणाऱ्यास ‘गुन्हेगारी’ द्यावी लागे. स्थानिक गोत पक्षपाती वाटल्यास वाद परस्थळी नेण्याचीही सोय होती. या पद्धतीचे सविस्तर विवेचन वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात (१९५३) केले आहे. पूर्वसंमती, सामूहिक साक्ष व लेखी समारोप ही या व्यवस्थेची बलस्थाने होत. परंतु ती जातिश्रेणीवर आधारलेली असून स्त्रिया व अस्पृश्य यांचे स्थान तीत गौण होते. पुरावा अपुरा पडल्यास दिव्यासारख्या उपायांचाही अवलंब होई. त्यामुळे पंचायतीचे सरसकट गौरवीकरण शास्त्रीय ठरत नाही. जातपंचायतींनी टाकलेल्या वाळीच्या विरोधात महाराष्ट्र शासनाला विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

महात्मा गांधींचा सत्याग्रह ही संघर्षनिराकरणाच्या विचाराला भारताने दिलेली महत्त्वाची देणगी मानली जाते. प्रतिपक्षाचा पराभव न करता त्याचे मतपरिवर्तन करणे आणि स्वतः क्लेश सोसून सत्य उघड करणे, हे त्याचे तत्त्व. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या १९१८ मधील लढ्यात कामगारांची मागणी ३५ टक्के वाढीची होती व मालक २० टक्क्यांवर अडले होते. गांधींच्या उपोषणानंतर वाद लवादाकडे सोपविण्यात आला व आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्के वाढीचा निवाडा दिला. उपोषणामुळे मालकांवर नैतिक दडपण आले, हे गांधींनीही मान्य केले होते. सत्याग्रह व दडपण यांतील सीमारेषेची चर्चा तेव्हापासून चालू आहे.

सोलापूर : एक अभ्यासक्षेत्र : संघर्षाचे बहुतेक सर्व प्रकार एकाच परिसरात पाहावयाचे झाल्यास सोलापूर जिल्हा हे उत्तम क्षेत्र ठरते. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा बोलणारे समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात कापडगिरण्या निघाल्या आणि दुष्काळी भागातील शेतकरी व विणकर कामगार बनले. १९२०, १९२८ व १९३४ या वर्षी येथे मोठे संप झाले.

राजकीय संघर्षाचे सर्वांत तीव्र रूप १९३० मध्ये प्रकट झाले. ५ मे रोजी महात्मा गांधींना अटक झाल्यावर शहरात हरताळ पडला. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहाच्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मृत्युमुखी पडला. संतप्त जमावाने मंगळवार पोलीस चौकी जाळली व त्यात पोलीस मारले गेले. त्यानंतर काही दिवस सरकारी अंमल जवळजवळ नाहीसा झाला व स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था पाहिली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला व तो जूनअखेरपर्यंत चालू राहिला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. भिन्न धर्मांच्या व समाजांच्या या चार पुरुषांची नावे शहराच्या स्मृतीत एकत्रच घेतली जातात.

संघर्षशास्त्राच्या दृष्टीने या घटनाक्रमातून तीन प्रश्न उपस्थित होतात. पहिला, शांततामय प्रतिकार हिंसक वळण कोणत्या क्षणी घेतो. सोलापुरात गोळीबार व नेतृत्वाची अनुपस्थिती यांचा संयोग निर्णायक ठरलेला दिसतो. दुसरा, दडपशाहीने काय साधते. लष्करी कायद्याने रस्ते शांत झाले. परंतु राज्यकर्त्यांच्या न्यायबुद्धीवरील उरलासुरला विश्वास नष्ट झाला. तिसरा, भिन्न समाज एकत्र कशाने येतात. समान प्रतिपक्षाविरुद्धची एकजूट हा एक मार्ग आहे. मात्र प्रतिपक्ष दूर झाल्यानंतर ती टिकविण्यासाठी दैनंदिन व्यवहारातील संस्थांची गरज भासते. या शेवटच्या मुद्द्यावर भिवंडीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. सोलापूरप्रमाणेच यंत्रमागांचे गाव असलेल्या भिवंडीत १९७० व १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे दोन्ही समाजांतील सामान्य नागरिकांच्या मोहल्ला समित्या स्थापून त्यांच्या नियमित बैठकी घडवून आणल्या. १९९२-९३ मध्ये मुंबईत दंगली उसळल्या असता भिवंडी शांत राहिली. संकटाच्या वेळी स्थापन केलेल्या शांतता समितीपेक्षा संकटापूर्वीच रुजलेला परिचय अधिक उपयोगी पडतो, असे यावरून दिसते.

औद्योगिक संघर्षासाठी कायद्याने यंत्रणा उभारली. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये समेटासंबंधीचा व १९३८ मध्ये औद्योगिक विवादांसंबंधीचा कायदा झाला. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम (१९४६) व केंद्राचा औद्योगिक विवाद अधिनियम (१९४७) यांनी समेट, लवाद व न्यायनिर्णय हे टप्पे निश्चित केले. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत यांपैकी केंद्रीय कायद्याची पुनर्रचना करण्यात आली. १९४६ च्या कायद्यात एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेस वाटाघाटींचा अधिकार होता. याचा हेतू स्थैर्य हा होता. पण कामगारांचा विश्वास दुसऱ्या संघटनेकडे वळल्यास त्यांना बोलण्याची वाटच उरत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपात हा कायदा रद्द करावा, ही एक प्रमुख मागणी होती. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेतला गेला नाही व असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. निराकरणासाठी निर्मिलेली यंत्रणाच संघर्षाचे कारण होऊ शकते, हे यातून दिसून आले. सोलापुरातील मोठ्या गिरण्याही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बंद पडल्या. काम यंत्रमागाच्या लहान कारखान्यांत व घरोघरच्या विडी उद्योगात विखुरले. विडी वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया असून त्या घरीच काम करतात. त्यामुळे मालक, ठेकेदार व कामगार यांतील संबंध अस्पष्ट राहतो आणि कोणाशी वाटाघाट करावी, हाच पहिला प्रश्न ठरतो. या कामगारांच्या चळवळीने किमान वेतनाबरोबर निवाऱ्याची मागणी लावून धरली व त्यातून कुंभारी परिसरात हजारो घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. वेतनवाढीवर अडलेला संघर्ष नवा मुद्दा समाविष्ट केल्याने पुढे सरकू शकतो, याचे हे उदाहरण होय.

पाण्याचा संघर्ष हा या जिल्ह्यातील सर्वांत दीर्घकालीन प्रश्न म्हणता येईल. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सु. ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकी निम्म्याहून कमी, सु. ५३ अब्ज घनफूट, उपयुक्त आहे. वरच्या बाजूस पुणे जिल्ह्यातील धरणे व शहरांची वाढती गरज, खालच्या बाजूस ऊस, सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी आणि पुढे कर्नाटक, अशी या पाण्यावरील हक्कदारांची साखळी आहे. धरणासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचा प्रश्न निराळाच. आंतरराज्य पातळीवर कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. राज्यांतर्गत वाटपासाठी २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. तरीही २०२१ मध्ये उजनीचे ५ अब्ज घनफूट पाणी इंदापूर तालुक्यास देण्याच्या निर्णयावरून जिल्ह्यात आंदोलन उसळले व तो निर्णय मागे घ्यावा लागला. इंदापूरचा शेतकरी व सोलापूरचा शेतकरी या दोघांचीही गरज खरी असल्याने हा वाद सत्य विरुद्ध असत्य असा नाही. तो दोन रास्त मागण्यांमधील आहे. निराकरणाची खरी कसोटी अशाच प्रसंगी लागते.

राज्यांच्या सीमेचा प्रश्नही याच परिसरास स्पर्श करतो. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये दिलेला अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला व २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. राज्यांच्या पातळीवर हा वाद चालू असताना सोलापूर-अक्कलकोट भागातील बाजारात, यात्रेत व घराघरांत मराठी आणि कन्नड यांचा सहज व्यवहार होत राहिला, ही वस्तुस्थिती भाषाशास्त्राच्या व मानवशास्त्राच्या अभ्यासकांना विचारप्रवृत्त करणारी आहे.

निराकरणाच्या पद्धती : यांत पाच प्रमुख होत. वाटाघाटींत पक्ष परस्परांशी थेट बोलतात. मध्यस्थीत तिऱ्हाईत व्यक्ती संवाद घडविते, परंतु निर्णय देत नाही. समेटात ती तोडगाही सुचवू शकते. लवादाचा निवाडा पक्षांनी आधीच मान्य केलेला असतो. न्यायनिर्णय हा राज्यसत्तेच्या बळावर दिला जातो. भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने लोकअदालतींना वैधानिक स्थान दिले. १९९६ मध्ये लवाद व समेट यांचा आणि २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू करण्यात आली. तीत ग्रामसभेने निवडलेल्या समित्यांनी गावातील तंटे सामोपचाराने मिटविणे अपेक्षित होते.

मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) या अमेरिकन विदुषीने वर्चस्व, तडजोड व समन्वय असे तीन मार्ग सांगितले. तडजोडीत दोघेही थोडे गमावतात. समन्वयात दोघांच्या मूळ गरजा शोधून नवी वाट काढली जाते. रॉजर फिशर व विल्यम युरी यांनी १९८१ मध्ये जाहीर भूमिका व तिच्यामागील हितसंबंध यांत केलेला भेद याच विचाराचा विस्तार होय. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांपैकी एकाला जमीन हवी असते व दुसऱ्याला विहिरीपर्यंत जाणारी वाट. मागणी मात्र दोघेही एकाच बांधाची करीत असतात. हे ओळखता आले, की मोजणीदार न बोलावताही प्रश्न सुटू शकतो.

महाविद्यालयीन अध्ययन : सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये व संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये स्थापन झाले, १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी-अभ्यासक्रमात मुख्य विषयाबरोबर अन्य विद्याशाखेतील विषय, क्षेत्र-प्रकल्प व समुदायसहभाग यांना स्थान मिळाले आहे. संघर्षाच्या आंतरविद्याशाखीय अभ्यासास ही रचना अनुकूल आहे.

अशा अध्ययनाची पद्धती साधारणतः पुढीलप्रमाणे असते. प्रथम एकच प्रत्यक्ष संघर्ष निवडून त्याचा कालानुक्रम तयार करतात. नंतर प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष पक्षांची यादी, त्यांच्या भूमिका, हितसंबंध व गरजा, त्यांचे परस्परसापेक्ष सामर्थ्य आणि पूर्वी फसलेले प्रयत्न यांची नोंद होते. उजनीचा प्रश्न घेतल्यास भूगोलाचा विद्यार्थी लाभक्षेत्राचा नकाशा करील, अर्थशास्त्राचा विद्यार्थी उसाला व ज्वारीला लागणाऱ्या पाण्याचा आणि त्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब मांडील, विधिशाखेचा विद्यार्थी लवादाचे व प्राधिकरणाचे निर्णय तपासील, इतिहासाचा विद्यार्थी विस्थापितांच्या आठवणी नोंदवील आणि भाषेचा विद्यार्थी एकाच घटनेची वर्णने निरनिराळ्या गावांत कशी बदलतात, हे पाहील. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या नव्हे, तर विरुद्ध पक्षाची बाजू मांडावयाची, असा परिपाठ अनेक ठिकाणी ठेवला जातो. या पाठाचे महत्त्व विशेष आहे. कारण वर्गातील विद्यार्थी तटस्थ प्रेक्षक नसतात. कालव्याच्या शिरोभागी व शेपटाशी जमीन असलेल्यांची मुले एकाच बाकावर बसतात. बंद गिरणीतील कामगाराची नात व विडी वळणाऱ्या स्त्रीचा मुलगा यांच्यासाठी हा अभ्यास पुस्तकी राहत नाही.

म्हणूनच काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. माहिती देणाऱ्याची संमती घेणे, त्याचे नाव गुप्त राखणे, दंगलीत वा विस्थापनात होरपळलेल्यांना केवळ प्रकल्पासाठी पुन्हा त्या आठवणींत न लोटणे आणि अभ्यासक या नात्याने गेले असता मध्यस्थाची भूमिका अंगावर न घेणे, ही त्यांतील प्रमुख होत.

मर्यादा : या अभ्यासशाखेवर दोन मुख्य आक्षेप घेतले जातात. एक, संघर्षाच्या निराकरणावर भर दिल्याने विद्यमान विषमता अबाधित राहते व दुर्बलाला लवकर समेट करण्याचा उपदेश केला जातो. दोन, एका समाजात उपयुक्त ठरलेली तंत्रे दुसऱ्या समाजात जशीच्या तशी लागू करण्याची प्रवृत्ती आढळते. पहिल्या आक्षेपात बरेच तथ्य आहे. पक्षांचे सामर्थ्य अतिशय विषम असेल, तर निराकरणापूर्वी दुर्बल पक्षाचे संघटन होणे आवश्यक असते. महाडचा सत्याग्रह व सोलापूरच्या विडी कामगारांची चळवळ यांवरून हे स्पष्ट होते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांविधानिक मार्गांचा आग्रह धरला, तेव्हा त्याचबरोबर सामाजिक व आर्थिक विषमता दूर न झाल्यास राजकीय लोकशाहीची इमारत धोक्यात येईल, असाही इशारा दिला होता. हे दोन्ही विचार एकत्र वाचले पाहिजेत. संघर्षाला वाट देणाऱ्या संस्था आणि संघर्षाची कारणे कमी करणारा न्याय यांपैकी एक गोष्ट नसेल, तर दुसरी फार काळ टिकत नाही. या दोहोंचा संबंध उलगडून दाखविणे हे संघर्षाच्या आंतरविद्याशाखीय अध्ययनाचे मुख्य प्रयोजन होय.